कोयत्याचे सांधे

एक कोयता घ्या आणि गोणपाटावर आडवा ठेवा. धार पलीकडे, मूठ आपल्याकडे. जवळपास लहान मूल नाही एवढं पाहा आणि कोयत्यासमोर स्वस्थ बसा. लगेच उचलू नका.

कोयता कुठलाही चालेल. ऊसतोडीचा रुंद पात्याचा असो, कोकणात कमरेच्या आकडीला मागे अडकवतात ती कोयती असो, की शहाळीवाल्याच्या गाडीवरचा जड कोयता असो. खिशातल्या चाकूचं पातं मिटतं, ह्याचं मिटत नाही. पातं आणि मूठ एकदा एकमेकांत बसली की शेवटपर्यंत तशीच राहायची असतात. एवढ्या मोठ्या पात्याची घडण कशी पारखायची, ह्याचं मनन करायला आपल्याकडे कोयत्याइतकी योग्य वस्तू मला दुसरी दिसत नाही. असंख्य घाव सोसणारं हे हत्यार कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही, आणि त्याच्याकडे निवांत बघायला सहसा कोणाला वेळही नसतो.

त्याचं काम आधी डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते. म्हणजे प्रत्येक घाव मातीच्या, खड्यांच्या अगदी जवळ पडतो. मग हात वर जातो, वाढं उडवायचं, ऊस बाजूला टाकायचा, पुन्हा वाकायचं. पहाटेपासून हेच, आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. दुसरं चित्र कोकणातलं. पाडेली माडावर चढतोय, दोन्ही हात खोडाला, कोयती पाठीमागे आकडीत. वर पोचल्यावर एका हाताने स्वतःला सावरून दुसऱ्या हाताने ती काढायची आणि घडावर घाव घालायचा. तिसरं, राबासाठी कवळ तोडणारा शेतकरी. फांदी कधी ओली, कधी वाळलेली, मध्येच गाठ.

ह्या माणसांना कोयता दगा देतो तेव्हा तो नेमका कुठे देतो? पात्याच्या ऐन मध्यावर क्वचितच. तो मुठीच्या तोंडाशी मोडतो. धारेचा टवका उडतो. मूठ सैल होऊन हातात फिरते. किंवा कोयत्याला काहीच होत नाही, तळहात मात्र सोलून निघतो. म्हणजे जिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना भेटतात, तिथेच घडण कसाला लागते. म्हणून आपण कोयत्याच्या सांध्यांपाशी थांबत थांबत जाऊ.

पहिल्यांदा नुसतं पाहा. नव्या कोयत्याची चकाकी, वरचं व्हार्निश, मुठीचा लाल-हिरवा रंग, हे सगळं नजरेखालून जाऊ द्या. त्यात घडणीची काही माहिती नाही, झालीच तर लपवाछपवी आहे, कारण रंगाखाली भेग दडू शकते. उलट पात्यावर हातोड्याचे उथळ ठसे असतील, पाठीकडे भट्टीची काळी खपली राहिली असेल, तर त्याला दोष समजू नका. रस्त्याकडेला पाल टाकलेल्या गाडीलोहारांचं किंवा घिसाड्यांचं काम कधी उभं राहून पाहिलं असेल तर आठवा. भाता चालतोय, नवरा सांडशीत तापलेलं पातं धरून ऐरणीवर फिरवतोय, आणि समोर उभी राहून बायको घण घालतेय. कुठे मारायचं ते तो छोट्या हातोडीने दाखवतो, तिचा घण नेमका तिथेच पडतो. ते ठसे दोघांनी मिळून केलेल्या कामाचे आहेत. मला ते फार मोलाचे वाटतात.

इथे एक समजूत दूर करायला हवी. ठोकून ठोकून लोखंड घट्ट होतं, त्याची घनता वाढते, असं अनेक जण सांगतात. तसं होत नाही. ठोकण्याने आकार येतो, पाठीचा जाडपणा धारेकडे हळूहळू उतरवता येतो. पोलादाचा आतला कण बारीक राहिला की भरड झाला, हे मुख्यतः ते किती तापवलं आणि किती वेळ तापवलं ह्यावर ठरतं. फार तापलेलं पातं पुढे कधी मोडलं तर मोडलेल्या कडेवर साखरेसारखे चमकते दाणे दिसतात. नीट तापवलेल्या पोलादाची कड करडी, मऊसर, बिनचमकीची असते. हे मोडल्यावरच कळतं, त्याला इलाज नाही. पण मोडका कोयता हाती आला तर फेकण्याआधी त्याची कड उजेडात धरून जरूर बघा.

आता कोयता उचला. मूठ धरा, हात लांब करा, एक डोळा मिटा आणि मुठीकडून टोकाकडे धारेची रेष पाहा. कोयत्याला बाक असतोच, तो बाक आपल्याला तपासायचा नाही. पातं डाव्या-उजव्या अंगाला कलंडलंय का, मध्ये पीळ पडलाय का, ते बघायचं. पाणी देताना पात्याची एक बाजू आधी थंड झाली तर ते वाकडं होतं. चांगला लोहार तिथल्या तिथे ते सरळ करतो, घाईतला माणूस तसंच विकायला ठेवतो. नंतर कोयता फिरवून पाठीची रेष बघा. ती मुठीपाशी जाड आणि टोकाकडे किंचित पातळ होत गेली असेल, तर कोणीतरी तुमच्या मनगटाचा विचार केलाय. एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून काढलेला कोयता दिसायला तसाच दिसतो, पण दुपारपर्यंत खांदा धरतो.

थोडं थांबा. श्वास सावकाश होऊ द्या. पुढचं काम कानाचं आहे.

मूठ दोन बोटांत सैल धरून पातं खाली लोंबू द्या आणि लाकडाच्या तुकड्याने पात्यावर हलकेच मारा. आवाज खणखणीत येऊन रेंगाळला तर बरं. बद्द आला, किंवा आत काही थरथरल्यासारखा आला, तर पुन्हा मारा, जागा बदलून मारा. आवाजावरून पाणी ओळखतो असं सांगणारे भेटतात. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही मला हे पटत नाही. पोलादाला पाणी दिल्याने त्याचा ताठरपणा जवळपास बदलत नाही, म्हणून नादही फारसा बदलत नाही. पाण्यामुळे बदलतं ते हे, की पातं किती वाकवलं तरी पुन्हा सरळ होईल आणि कुठल्या क्षणी वाकडंच राहील. नाद सांगतो तो वेगळ्या गोष्टीबद्दल, भेगेबद्दल आणि सैल मुठीबद्दल. तेवढ्यासाठी कान फार विश्वासू आहे.

भेगेची शंका आली तर जुना, सोपा उपाय आहे. पात्याला रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीत ओली रेष उमटते. ही रेष धारेशी काटकोनात, धारेकडून पाठीकडे निघालेली असेल, तर तो कोयता कोणाच्याही हातात देऊ नका.

अशी भेग का पडते, हे समजून घेताना आपण पहिल्या खऱ्या सांध्यापाशी येतो. धार आणि पाठ एकाच पोलादाची असतात, पण त्यांच्याकडून अपेक्षा अगदी उलट. धारेने टणक राहायचं, पाठीने घाव पचवायचा. आजचे बरेच कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. त्या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो, आणि टणकपणा येण्यासाठी तो लागतोच. साध्या सळईच्या किंवा पत्र्याच्या लोखंडात तो 0.25 टक्क्यांच्या आत असतो, त्याला कितीही पाणी पाजा, धार टिकत नाही. पोलाद तांबडंलाल तापतं, साधारण 770 अंश सेल्सिअसला लोहचुंबकही त्याला धरेनासं होतं, आणि त्याहून थोडं वर नेऊन एकदम थंड केलं की ते कडक होतं. कडक होताना ते किंचित फुगतं. एक भाग आधी फुगला, दुसरा मागून, तर दोघांच्या ओढाताणीत भेग जाते. म्हणून जाणता लोहार अख्खं पातं धबकन पाण्यात टाकत नाही. धारेची बाजूच बुडवतो, पाठीतली धग राखून ठेवतो, मग धारेजवळचा भाग दगडावर घासून उजळ करतो आणि बघत बसतो.

तो काय बघतो, ते तुम्हीही मनाने बघा. पाठीतली उष्णता धारेकडे सरकते आणि उजळ पोलादावर रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास फिकट पिवळा, अडीचशेच्या पुढे तपकिरी, मग जांभळा, तीनशेच्या सुमाराला निळा. हे रंग पृष्ठभागावर धरणाऱ्या अतिशय पातळ थराचे, आणि थराची जाडी तापमानावर ठरते. पिवळ्यावर थांबलं तर धार फार टणक आणि टवका उडेल अशी, निळ्याच्या पुढे गेलं तर चिवट पण लवकर बोथट होणारी. कोयत्याला ह्या दोहोंमधली जागा हवी. स्वयंपाकघरातल्या उत्तम सुऱ्या रॉकवेल मापात 58 ते 62 पर्यंत टणक ठेवतात. घाव घालायच्या मोठ्या पात्याला 54 ते 57 पुरे. म्हणून, हा कोयता सर्वांत कडक आहे, असं दुकानदार अभिमानाने सांगतो तेव्हा मला धास्ती वाटते.

नेपाळमधले कामी लोक खुकरी घडवताना हीच गोष्ट किटलीने करतात. तापलेल्या पात्याच्या धारेवर पाण्याची बारीक धार सोडत जातात, पाठ कोरडीच ठेवतात. तिथेही पोलाद बहुधा गाडीच्या कमानपाट्याचंच.

तुमच्या कोयत्यात पाणी आहे का, हे पाहायला एक कानस घ्या. तिची कड धारेवरून हलक्या हाताने सरकवा. कानस जराही न चावता घसरत गेली तर धार बहुधा फार टणक आहे. लोण्यात शिरल्यागत रुतली तर पाणीच नाही. किंचित चावते, पण मेहनत मागते, अशी जागा शोधा. मग तीच कानस पाठीवर चालवा. तिथे ती सहज चावली, तर दोन टोकं वेगळी राखलेली आहेत. ह्या दोन स्पर्शांमधला फरक नीट अनुभवा, पुन्हा एकदा करून बघा. हे कळायला कुठलं यंत्र लागत नाही.

आणखी एक खूण. धारेलगत निळसर-जांभळा डाग दिसतोय का? भट्टीतले रंग पाठीकडे राहिले तर हरकत नाही, पण ऐन धारेवर निळं दिसलं तर कोणीतरी ग्राइंडरवर धार लावताना ती जाळलीय. तेवढ्या पट्टीतलं पाणी गेलं. पॉलिशने तो रंग निघून जातो, बिघाड मात्र तिथेच राहतो.

आता मुठीकडे या. इथे आपल्याला बराच वेळ बसायचं आहे.

पात्याचं शेपूट मुठीत शिरतं ती जागा बोटांनी चाचपा. डोळे मिटले तरी चालतील, धारेपासून हात दूर ठेवून. घावाचा सगळा भार ह्याच जागी येतो. पातं रुंद असतं, शेपूट अरुंद. रुंदीतून अरुंदीत येताना वळण काटकोनात कापलेलं असेल, तर ताण त्या कोपऱ्यात एकवटतो आणि शेकडो घावांनंतर तिथून भेग निघते. वळण गोलाईने उतरलेलं असेल तर ताण पसरतो. इतकी लहानशी गोलाई! ती द्यायला लोहाराला जास्तीचे चार ठोके लागतात, आणि मूठ बसल्यावर ती बहुतेकदा दिसतही नाही. न दिसणाऱ्या जागी जो माणूस हे चार ठोके देतो, त्याच्या हातचा कोयता मी डोळे झाकून घेईन.

शेपूट कुठवर गेलंय तेही पाहा. काही कोयत्यांत ते मुठीइतकंच रुंद असतं आणि दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात. तिथे पट्टी आणि पोलाद ह्यांच्यामध्ये नख शिरतं का, बघा. शिरलं तर तिथून पाणी शिरेल आणि गंज आतून खात जाईल. दुसऱ्या प्रकारात शेपूट निमुळतं असतं, मुठीच्या आरपार जातं आणि मागच्या टोकाला वाकवून किंवा ठोकून पसरवलेलं असतं. मुठीचं बूड उलटून पाहा, तिथे ते पोलादी टोक दिसायला हवं. दिसलंच नाही, तर शेपूट अर्ध्यावर संपलंय आणि मूठ लाखेच्या किंवा दाबून बसवल्याच्या भरवशावर आहे. भाजी चिरायच्या सुरीला ते चालतं. डोक्यावरून हाणायच्या हत्याराला मला ते मान्य नाही. उडालेलं पातं पुढ्यात कोण उभं आहे ते बघत नाही.

मुठीच्या तोंडावर लोखंडी कडं असेल तर ते बोटाने फिरवून बघा. फिरलं तर लाकूड आक्रसलंय. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात सुकतं आणि सैल होतं. अशी मूठ रात्रभर पाण्यात ठेवायची सवय घरोघर आहे. दुसऱ्या दिवशी ती घट्ट होते खरी, पण लोखंडात कोंडलेलं लाकूड फुगताना स्वतःचेच तंतू चिरडतं, आणि वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं पडतं. त्यापेक्षा मूठ पूर्ण वाळलेल्या बाभळीची किंवा खैराची करून घ्यावी आणि तिला अधूनमधून जवसाचं तेल चोळावं. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेने धावायला हव्यात. त्या आडव्या तिरक्या जाऊन बाहेर पडत असतील, किंवा मध्येच गाठ असेल, तर मूठ एक दिवस त्याच रेषेत चिरेल.

मग शेवटचा सांधा, मूठ आणि तळहात. कोयता कामात धरतात तसा धरा आणि काही क्षण फक्त हाताकडे लक्ष द्या. कुठे टोचतंय? बोटांची टोकं तळव्याला नुसती टेकताहेत, की मध्ये मोठी फट आहे, की तळव्यात रुतताहेत? मूठ गोल गरगरीत असेल तर ओल्या हातात ती फिरेल. लंबगोल असेल तर अंधारातही धार कुठल्या दिशेला आहे ते हाताला कळतं. बुडाशी थोडा फुगवटा असेल तर घामेजल्या हातातून कोयता निसटत नाही. आणि हा हात कोणाचा, ते विचारा. उसाच्या फडात बहुतेक ठिकाणी पुरुष तोडतात, बायका मोळ्या बांधून डोक्यावरून वाहतात. पण तोडणाऱ्या बायकाही थोड्या नाहीत, आणि बाजारातली मूठ सगळ्यांना एकाच मापाची. आखूड बोटांच्या हाताला जाड मूठ जास्त आवळून धरावी लागते, मनगट लवकर थकतं, आणि थकलेल्या हाताकडूनच घाव चुकतो. सोईची मूठ हा लाड आहे असं मानायची पद्धत मला मुळीच मंजूर नाही. तो घडणीचाच भाग आहे, पाण्याइतकाच.

तोल झटकन बघून घ्या. पातं आडवं करून, धारेला हात न लावता, पाठीखाली एक बोट धरा आणि कुठे समतोल होतं ते पाहा. घाव घालायच्या कोयत्याचा तोल मुठीच्या पुढे, पात्यात पडायला हवा. मग मूठ सैल धरून पाठीवर लाकडाने टिचक्या मारत टोकाकडे जा. एका जागी हाताला झिणझिण्या येत नाहीत. घाव त्या जागेने बसला तर हात दुखत नाही. धारेचा पोटाळ भाग तिथेच असेल तर घडवणाऱ्याला हत्यार वापरताही येत होतं.

आता मात्र उठायला हवं, कारण बसून कोयत्याचा निकाल लागत नाही. वाळलेला बांबू किंवा कवळाची जुनी फांदी लाकडाच्या ओंडक्यावर ठेवा. समोर कोणी नको, पाय घावाच्या रेषेबाहेर. सलग घाव घाला, गाठही तोडा. मग कोयता खिडकीच्या उजेडात न्या आणि धार सरळ डोळ्यांकडे करून पाहा. शाबूत धार दिसतच नाही. जिथे ती बिघडलीय तिथे प्रकाशाचा ठिपका चमकतो. टवका उडाला असेल तर पाणी जास्त झालंय. धार एका अंगाला लवून पडली असेल तर कमी झालंय, किंवा कामाच्या मानाने ती फार पातळ काढलीय. ऊस तोडायला पातळ धार लागते, नारळाच्या सोडणाला आणि वाळल्या लाकडाला मागे पोट असलेली जाडसर. उसाच्या कोयत्याने लाकूड फोडून त्याला नावं ठेवणं हा कोयत्यावर अन्याय आहे.

अमेरिकेत बिल मोरान ह्यांनी 1976 साली स्थापन केलेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची एक परीक्षा ह्या संदर्भात मला नेहमी आठवते. परीक्षार्थीने स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने मोकळा लोंबणारा दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळ्या तोडायच्या, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि अखेरीला तेच पातं शिकंज्यात धरून 90 अंशांत वाकवायचं. ते मोडता कामा नये. क्रम लक्षात घ्या. टणकपणाची कसोटी आधी, लवण्याची नंतर, पातं मात्र एकच. आपल्या गावातल्या लोहाराला असलं प्रमाणपत्र कोणी देत नाही. त्याचा कोयता रोज फडात ह्याच दोन्ही कसोट्या देतो, आणि त्याच्या कमाईत त्याचं प्रतिबिंब पडत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत कोयत्याचं नाव दहशतीसाठीच येतं, त्याचंही. घाव कशावर घालायचा आहे हे ज्याने ठरवून घडवलं, त्याचा त्यात काही दोष नाही.

जुना कोयता असेल तर धार संपल्यावर तो टाकू नका. पोलाद शिल्लक आहे तोवर लोहार तो तापवून, ठोकून पुन्हा शेवटून देतो, आणि पाणीही नव्याने देतो. नेताना नुसतं, धार लावून द्या, म्हणू नका. काय तोडायचं आहे ते सांगा, ऊस की माडाची झावळी की बाभळीचा फाटा. टवका उडाला असेल तर तो दाखवा, धार लवली असेल तर ती दाखवा, म्हणजे रंग कुठे थांबवायचा ते त्याला कळेल. मूठ बदलायची असेल तर ज्याच्या किंवा जिच्या हातात तो दिवसभर राहणार आहे, त्या माणसालाच बरोबर न्या आणि लाकूड तासून होईपर्यंत तिथे थांबा.